तुरटीचा पंप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे — ठाऊक नाही. थकले आहे, एवढं खरं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका गावाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मी केमिस्ट होते. पाणी तपासायचं, वहीत आकडे लिहायचे. सांडपाणी दिसायला नितळ झालं तरी त्यात फॉस्फरस उरतो — आपल्या मलमूत्रातला, कपडे धुण्याच्या पावडरीतला. तो तळ्यात पोचला की शेवाळाला खतच मिळतं. पाण्यावर हिरवी साय धरते आणि खाली मासे गुदमरतात. ते टाळायला आमच्याकडे साधा उपाय होता, तुरटीचं द्रावण. एक लहानसा पंप ते थेंबाथेंबानं सोडायचा आणि फॉस्फरस गाळाबरोबर खाली बसायचा.

पण त्यानं गाळ वाढायचा. वाळवायचे वाफे भरून जायचे, उचलायला गाडी यायची नाही, वास सुटायचा. आमचा ऑपरेटर देवानंद रोज माझ्या टेबलापाशी येऊन उभा. "मॅडम, आता गाळ टाकू कुठी? माह्या डोक्यावर?" एका दुपारी मी वैतागून म्हटलं, चार दिवस पंप बंद ठेव. त्या चार दिवसांचे किती महिने झाले? मी मोजलेच नाहीत. तपासणीवाले आधी कळवून यायचे. तेवढ्या आठवड्यापुरता पंप चालू. पाणी दिसायला तर चांगलंच होतं ना?

पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. इथवर मी मनाशी पुष्कळदा आले आहे — पुढे पाय उचलत नाही.

आमचं पाणी नाल्यानं खालच्या गावच्या तळ्यात जायचं. ते तळं गफूरभाईंकडे ठेक्यानं होतं. त्यांच्या वडिलांपासून त्यात शिंगाडा लावायचे, मासे सोडायचे. दिवाळीच्या सुमारास उकडलेले शिंगाडे टॉवेलात बांधून केंद्रावर आणायचे. "गरम हायेत तोवर खा, मॅडम." त्या वर्षी ते हिरव्या पाण्याची बाटली घेऊन आले. तळ्यात मासे उलटे होऊन तरंगत होते. म्हशी पाण्याला तोंड लावत नव्हत्या. गफूरनं तळ्यात औषध टाकलं, असं गावात बोललं जात होतं.

"तुम्ही तपासून पाहा, मॅडम. म्या औषध टाकलं नाही. मंग मासे मेले काऊन?"

मी त्यांच्यासमोरच तपासणी केली. त्या तपासणीत पाणी निळं होतं — फॉस्फेट जितकं जास्त तितका निळा रंग गडद. नळीतला निळा इतका गडद होता की पलीकडचं बोट दिसेना. खिडकीतून पंपाची खोली दिसत होती. मला सगळं कळलं होतं. आणि मी विचारलं —

"शिंगाड्याला खत टाकता का?"

"थोडंसं डीएपी. सारेच टाकतात."

"मग त्यातल्या फॉस्फरसनंच झालं हे."

मला कुणी दटावलं नव्हतं. वरून कुणाचा फोन आला नव्हता. हे वाक्य शोधावंही लागलं नाही — तयारच होतं जणू. कुठून आलं असेल?

त्यांनी नळी हातात घेऊन उजेडापुढे धरली. मग म्हणाले, "म्हंजे मीच मारले?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, गफूरभाई," मी म्हटलं. दिलासा दिला! मी — त्यांना.

त्यांनी ग्रामसभेत आपणहून उभं राहून सांगितलं, मॅडमनं तपासून दाखवलं, चूक माही हाय. तळं दुसऱ्याकडे गेलं. गफूरभाई खामगावला गेले, तिथे केळ्यांची गाडी लावू लागले.

ग्रामसभेची बातमी कळली त्याच दिवशी मी देवानंदला पंप सुरू करायला लावला. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला. पुढच्या उन्हाळ्यात गावानं गाळ उपसला आणि दोनेक पावसाळ्यांत तळं निवळलं. गावाला पुरावाच मिळाला, गफूरचं खत थांबलं आणि पाणी सुधारलं. मी गुपचूप केलेली ती दुरुस्तीही त्यांच्याच विरुद्ध गेली. हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी मी गप्प राहिले.

मागच्या वर्षी खामगावच्या बाजारात त्यांनीच मला हाक मारली. खूप उतरले होते. मी निवृत्त झाले होते. खरं बोलले असते तर माझं कुणी काही वाकडं करू शकलं नसतं.

"तळं पाह्यलं का, मॅडम? आरशावानी झालं म्हंतात. मी काही गेलो नाही तिकडं." केळी नीट लावता लावता त्यांचे हात थांबले. "एक इचारू? पुऱ्या तळ्याले मी एक पोतं बी टाकत नव्हतो. इतक्यानं मरतात मासे? खतच होतं ना ते?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"हाव, गफूरभाई," मी म्हटलं. "खतच होतं."