पुसलेला खडू

मामाच्या दुकानातल्या अकराच्या अकरा शिलाई मशिनी भाच्याने एका सकाळी रॉकेलने लख्ख पुसून काढल्या. मामा आला आणि त्याने दारातच कपाळाला हात लावला.

"खुणा कुठायत रे?"

"खडूचे डाग ना? काढले सगळे. दुकान कसं प्रोफेशनल दिसायला हवं!"

भाचा नुकताच तीन दिवसांचं उद्योजकता शिबिर करून आला होता. तिथे त्याला एक बॅज, एक वही आणि भरमसाट आत्मविश्वास मिळाला होता. त्यातला बॅज तेवढा लगेच हरवला.

मामा तीस वर्षं मशिनी दुरुस्त करत होता. जाहिरात म्हणाल तर एक पाटी, तीही उन्हाने निम्मी खाल्लेली. दुकान उघडण्याआधी तो समोरच्या, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या कारागिराच्या पायरीवर दहा मिनिटं बसायचा. दिवसभर तांब्याच्या तारेची वेटोळी करणाऱ्या त्या माणसाला गल्ली तारकाका म्हणायची. भाच्याच्या लेखी ती दहा मिनिटं म्हणजे शुद्ध टाइमपास. पण मोटार जळालेली मशीन आली की मामा मोटार समोर पाठवायचा आणि मोटार ठणठणीत असून मशीन अडली की तारकाका ती इकडे धाडायचा, चाकावर खडूने गोल काढून. गोल म्हणजे गिऱ्हाईक तारकाकाचं. दुरुस्ती मामाने करायची, मशीन मात्र तारकाकाच्या हातून परत जायची.

भाच्याने नुसते गोल पुसले असते तरी निभावलं असतं. पण त्याने मशिनींना बांधलेल्या चिठ्ठ्यांवरचे नंबर घेतले आणि सगळ्यांना मेसेज टाकला, "यापुढे थेट आमच्याकडे या. मोटारीसकट सर्व कामे एकाच छताखाली!" तारकाकाची तीन गिऱ्हाइकं जळालेल्या मोटारी घेऊन थेट मामाच्या दारात आली. त्यांच्या मोटारी भाच्याने पलीकडच्या बाजारातून भरून आणल्या आणि वहीत लिहिलं, 'पहिलं यश'.

त्यानंतर महिनाभर समोरून एकही मशीन आली नाही. मामा पायरीवर जाऊन बसायचा, तारकाका तारेतून मान वर काढायचा नाही.

"तुझ्या शिबिरात पुढचा धडा कुठला?" मामीने ताट वाढता वाढता विचारलं. "दुकानाला कुलूप कसं लावायचं, तोच ना?"

"असू दे गं," मामा म्हणाला. "पुढल्या महिन्यात गाळा सोडतो. घरात एक टेबल मांडलं की झालं."

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. भाच्याने ताट बाजूला सारलं. तो उठून सरळ तारकाकाकडे गेला.

"काका, चुकलं माझं. तुमची गिऱ्हाइकं मी पळवली."

"पळवायला ती काय शेळ्या आहेत?" तारकाकाने मान वर केली नाही. "आणि तू कशाला? तुझा मामाच म्हणाला, माझ्या हातून झालं."

"मामा? मेसेज तर मी टाकले होते."

तारकाकाचा हात थांबला. "महिनाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. आणि तो रोज इथे येऊन बसत होता, तुझं नाव न घेता!" मग त्याने तार खाली ठेवली. "साहजिक आहे. तुला याच गल्लीत धंदा करायचाय, तुझं नाव कशाला खराब करेल तो."

भाच्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी याच तारेत गुंडाळून ठेवावं.

"तोंड पाडून उभा राहू नकोस. तीन नेलीस, तीन परत आण."

दुसऱ्या दिवशी समोरून दोन मशिनी आल्या. मामाने गाळ्याचा विषय पुन्हा काढला नाही. त्याने सगळा दोष स्वतःवर घेतला होता हे आपल्याला कळलंय, असं भाच्यानेही त्याला सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

दोन गिऱ्हाइकं त्याने हातापाया पडून परत आणली. तिसरी होती परकर शिवणारी एक ताई.

"मी पलीकडच्या बाजारातच जाते आता," ती म्हणाली. "तूच ना सांगितलंस, तिकडे मोटार छान भरतात?"

"ते मी... धंद्याच्या भरात बोललो, ताई."

"पण खरंच छान भरतात रे!"

आताही सकाळी भाचा शटर वर करतो तेव्हा समोरून हाक येते, "काय उद्योजक, तिसरं कुठंय?"

"येतंय काका, येतंय," भाचा म्हणतो आणि आत जाऊन उगाच कुठल्यातरी मशिनीला तेल घालत बसतो.