तेवीस दोषांचं घर

स्वतःचं घर विकायला काढावं आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच घराच्या दोषांची यादी ठेवावी, असा माणूस गावात शोधून सापडला नसता. शिवणकाकूंना शोधावा लागला नाही, त्यांचं त्याच्याशी लग्नच झालं होतं.

हे गृहस्थ चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार पंप पुढ्यात आला की त्यात काय चुकलंय ते शोधायचं, तिथे लाल खडूनं फुली मारायची आणि तक्ता भरायचा: क्रमांक, दोष, जागा, शेरा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खिशातला खडू काही सुटला नव्हता. घर विकायचं ठरलं त्या दिवशी त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर तक्ता आखला. एकूण तेवीस दोष निघाले. मोरीमागची ओल, पावसात फुगणारं दार, तीनदा फिरवल्याशिवाय बंद न होणारा नळ, सगळं वळणदार अक्षरात.

आता घर विकायचं कशासाठी, तर काकूंसाठी. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या बहात्तर. सात महिन्यांपूर्वी काकूंच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. त्यानंतर त्या दोनदाच खाली गेल्या, दवाखान्यात, तेही खुर्चीत बसून. खालचा सुतार आणि त्याचे दोन भाऊ खुर्ची उचलायचे. दुसऱ्या वेळी वळणावर एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली आणि काकूंना खालच्या मजल्याची फरशी थेट डोळ्यांसमोर दिसली. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "मेले तरी पुन्हा या खुर्चीत बसणार नाही." तेव्हापासून दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढंच त्यांचं जग. वर्षानुवर्षं शाळेचे गणवेश शिवून दिलेल्या पोरांची आता गॅलरीतून नुसती डोकी दिसायची.

दोन गल्ल्या सोडून एका निवृत्त नर्सबाईंचं तळमजल्यावरचं घर विकायचं होतं. बाई मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबते. मग मात्र माझा नाइलाज आहे," असं त्यांनी कबूल केलं. तपासनीस ते घर बघून आले, अर्थातच चौदा दोष घेऊन.

"पायऱ्या किती?" काकूंनी विचारलं.

"एकही नाही. रस्त्यावरून थेट आत."

"मग ती यादी घाला चुलीत."

सुरुवातीला एक दलाल आला होता. चहा पिता पिता म्हणाला, ओलीवर रंगाचा हात मारून घ्या आणि गिऱ्हाईक दुपारी एक ते दोनमध्येच बोलवा, तेवढा वेळ सुताराची करवत बंद असते. तपासनिसांनी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. "आमचं घर आम्हीच विकू," म्हणाले आणि पेपरात जाहिरात दिली. बाणेदारपणा म्हणून ठीक होतं हो, पण कोंडून कोण पडलं होतं?

तीन आठवड्यांत नऊ गिऱ्हाइकं आली. काकू आतल्या खोलीत मशीनपाशी बसून ऐकायच्या. जिन्यावरून थांबत थांबत, धापा टाकत पावलं वर यायची. मग बाहेरच्या खोलीत यांचं प्रवचन: "हे बघा, इथे हात लावा. लागली ना ओल? आता करवत ऐका. सकाळी नऊला सुरू होते." थोड्या वेळानं तीच पावलं धडधडत खाली. नवव्या वेळी काकूंना राहवलं नाही.

"अहो, घर विकताय की पंचनामा करताय?"

"उद्या त्यांनी शिव्या घातल्या तर?"

"घालू देत! तळमजल्यावर बसून ऐकेन मी."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती. रडायचंही बेतानं, कारण छातीवर ताण नको, हा आणखी एक जाच. शेवटी फोनवरून लेकीनं बापाला फैलावर घेतलं. "बाबा, यादी कपाटात ठेवा आणि किल्ली आईकडे द्या. विचारतील तेवढंच बोला." तपासनिसांनी निमूटपणे किल्ली दिली. महिना संपायला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दहावं गिऱ्हाईक आलं. नवरा बेकरीत कामाला, बायको शाळेत शिक्षिका. काकू आज मुद्दाम बाहेर येऊन बसल्या, नवऱ्यावर नजर ठेवायला. तपासनिसांनी दातावर दात धरले होते. हात दोनदा खडूच्या खिशाकडे गेला, दोनदा परत आला. मोरीपाशी तर ते ओलीला पाठ लावूनच उभे राहिले.

"काका, सदरा ओला होईल तुमचा," बेकरीवाला हसून म्हणाला. "ओल दिसली मला. करून घेईन मी."

त्याची बायको गॅलरीतून हलायला तयार नव्हती. "किती उजेड आहे हो इथे!" दोघं कोपऱ्यात कुजबुजली आणि बेकरीवाल्यानं सांगितलं, "आम्हाला पसंत आहे. परवा कागद करू."

काकूंनी छातीवर हात दाबला. छाती धडधडत होती, पण या धडधडीला डॉक्टरांचीही ना नसती. मनातल्या मनात त्यांनी तळमजल्यावर दाराशेजारी मशीन मांडलंसुद्धा.

तेवढ्यात शिक्षिका म्हणाली, "सासूबाई खाली गाडीत बसल्यात. गुडघे गेलेत त्यांचे. पण एकदा कसंबसं वर आणलं की झालं. मग घरातच तर राहायचंय."

तपासनिसांनी काकूंकडे बघितलं. त्यांचा जबडा हलत होता, पण शब्द दिला होता, तोंड उघडलं नाही. काकू त्यांच्यावर डोळे वटारून होत्या. गप्प बसा. एवढा एक दिवस गप्प बसा. ती कुणाची कोण? तिला मुलगा आहे, सून आहे, त्यांना जिना दिसत नाही का? मला कोण विचारायला आलं होतं? असं बरंच काही काकू स्वतःला सांगत राहिल्या. हे घर आज गेलं नाही तर पुढचं गिऱ्हाईक कधी येणार, आणि नर्सबाई काय जन्मभर थांबणार?

"किती वय त्यांचं?" काकूंच्या तोंडून गेलं.

"अडुसष्ट."

"मी सहासष्ट. बस इथे जरा." काकूंनी तिचा हात धरला. "सात महिने झाले, मी रस्त्याला पाय लावलेला नाही. माणूस वर येतो गं कसाबसा. खाली जायचं म्हटलं की तिघांनी खुर्ची उचलावी लागते. तिला नको आणूस इथे."

बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. "जाहिरातीत हे काहीच नव्हतं," तो म्हणाला.

"मीच लिहू दिलं नाही. गरजू दिसलो की लोक भाव पाडतात, म्हणून," काकूंनी कबूल केलं.

ती दोघं गेली. आज पावलं धडधडली नाहीत, सावकाश उतरली. काकू भिंतीला धरून गॅलरीत आल्या. खाली गाडीच्या खिडकीशी वाकून सून काहीतरी सांगत होती. खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं, मान वर झाली, एकेक मजला शोधत चौथ्यावर थांबली. त्या बाईनं हात वर केला. काकूंनीही केला. बोलण्यात अर्थ नव्हता, करवत सुरू होती. मग गाडी निघून गेली.

आत येऊन काकूंनी कपाटाची किल्ली पुढे केली. "काढा ती यादी. चोवीस नंबर घाला. पायऱ्या बहात्तर, लिफ्ट नाही."

तपासनिसांनी यादी काढली, पेन उघडलं आणि नुसते बसून राहिले.

"लिहा ना! नळ तीनदा फिरवायचा तो दोष, आणि हा दोष नाही? तुमच्यासारख्याच्या नजरेतून सुटला कसा?"

"सुटला नाही," ते म्हणाले. "शेऱ्यात कारण द्यावं लागतं. काय देऊ? चौतीस वर्षं दोष लिहिला की माल बाजूला काढायचो मी. तुला त्या तक्त्यात कसा घालू गं?"

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हा माणूस असा कधी बोलला नव्हता.

"मला कुठे घालताय? जिन्याला घाला," त्या म्हणाल्या आणि पेन ओढून घेऊन त्यांनी स्वतःच लिहिलं. क्रमांक चोवीस. दोष, जिना. शेरा: घरमालकीण वर अडकली आहे, गुडघे शाबूत असलेलं गिऱ्हाईक पाहिजे.

फोन वाजला. कुणीतरी जाहिरात वाचून घराची चौकशी करत होतं. तपासनिसांनी एकदा काकूंकडे बघितलं.

"हो, विकायचं आहे," ते म्हणाले. "पण आधी जिन्याचं सांगतो."

काकू हातातलं पेन तसंच धरून ऐकत राहिल्या. महिना संपायला अजून सात दिवस होते.