ओळंब्याची ब्राउनी

ओळंब्याला आईबापाने नाव काय ठेवलं होतं ते आता फक्त त्याच्या ओळखपत्राला माहीत. गल्लीत, कामावर, सासुरवाडीला, सगळीकडे तो ओळंबाच. चाळीस वर्षं त्याने गिलाव्याचं काम केलं. भिंत सरळ उभी आहे की झुकली ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं एक पितळी वजन सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात, आणि हा बाबा ते वजन सदऱ्याच्या खिशात घालून हिंडायचा. कुणाकडे चहाला गेला तरी कप हातात घेण्याआधी त्याची नजर समोरच्या भिंतीवरून वरून खाली उतरायची. “अर्धा इंच पोटात आलीय,” एवढंच म्हणायचा आणि चहा प्यायचा. यजमानाचा चहा मात्र तिथेच गार व्हायचा. तो बिचारा पुढचे चार महिने त्या भिंतीकडेच बघत बसायचा.

खांदा धरला तेव्हा त्याने थापी खाली ठेवली. बायको गल्लीच्या तोंडाशी शिवणवर्ग चालवायची, म्हणून तिला सगळे शिवणबाई म्हणत. ती दुपारी तीनला जायची ती सहाला परत यायची. तेवढा वेळ ओळंबा घरातल्या भिंतींकडे बघत बसे. भिंती त्यानेच केलेल्या, त्यामुळे बोलायलाही काही नव्हतं.

शिवणबाईला गहू बंद होऊन आठ महिने झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कणभरसुद्धा चालणार नाही, पोटात गेला की आतड्याला इजा होते. बाईने त्या दिवशी घरातला गव्हाचा डबा रिकामा केला, घासला, उन्हात ठेवला आणि त्यात बटणं भरली. तक्रार म्हणून केली नाही. पण एक सवय लागली तिला. काहीही समोर आलं की विचारायची, “यात काय आहे?” शेजारणीने वाटी आणली, यात काय आहे. लेकीने खाऊ पाठवला, यात काय आहे. एकदा तर नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला तरी तोंडातून तेच निघालं, मग दोघंही हसली. ओळंबा जरा कमी हसला.

कारण त्याने एक गोष्ट बघितली होती. बाई केकवर जीव टाकणारी. कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याच्या दुकानात उभ्या उभ्या, पिशवी खांद्यावरून न उतरवता, केकचा तुकडा संपवणारी. आणि ओळंब्याच्या वाढदिवसाला तिनेच केक आणला, कापला, सगळ्यांना भरवला, मग बोटं फडक्याने एकेक करून पुसली आणि एक केळं सोललं. सोलताना कुणाकडे बघितलं नाही. ते ओळंब्याच्या मनात रुतून बसलं.

येत्या रविवारी ती साठीची होणार होती. ओळंब्याने मनाशी पक्कं केलं. त्या दिवशी टेबलावर गोड एकच असेल, तेच सगळे खातील, पहिला तुकडा तिचा. आणि तो तोंडात घालण्याआधी ती विचारणार नाही, यात काय आहे. अडचण इतकीच होती की ओळंब्याला चहासुद्धा धड येत नव्हता.

लेकीने फोनवर कृती सांगितली. लाल भोपळ्याची ब्राउनी, मैदा नाहीच. भोपळा उकडून गर करायचा, काळं चॉकलेट लोण्यात विरघळवायचं, अंडी, साखर, कोको, चिमूटभर मीठ.

“मैदा नाही तर ते धरून कशाने राहणार?” ओळंब्याने विचारलं.

“अंड्याने. आणि भोपळ्याने.”

“भोपळ्याने आजवर कुणाला धरलंय?”

“बाबा, तुम्ही करून तर बघा. आणि एक लक्षात ठेवा, कडा बसल्या पाहिजेत, पण मधे हात लावला तर हललं पाहिजे. थोडं कच्चंच काढायचं.”

ओळंब्याने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. हलणारं काम. चाळीस वर्षांत त्याने एकदाही हलणारं काम सोडून घरची वाट धरली नव्हती.

मंगळवारी बाई वर्गाला गेली आणि त्याने पहिला घाणा घातला. भोपळ्याचा गर पिळायचा असतो हे लेक सांगायला विसरली, की हा ऐकायला विसरला, ते दोघांनाही नंतर आठवलं नाही. मिश्रण असं पातळ झालं की ओळंब्याने सवयीने इकडेतिकडे बघितलं, घालायला सिमेंट कुठे आहे म्हणून. लेकीचा जुना ओव्हन तासभर चालला आणि आत पिठल्याला लाजवेल अशी काळी खळ तयार झाली.

बुधवारी गर फडक्यात बांधून असा पिळला की खांद्याने जुनी ओळख दाखवली. मिश्रण उत्तम जमलं. चपट्या उलथन्याने त्याने ते साच्यात सारखं केलं, कोपरे भरले, वर लेव्हलची पट्टी ठेवून बुडबुडा मधोमध आहे का तेही पाहिलं. पण अर्ध्या तासाने दार उघडलं तर मधे हलत होतं. दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा हललं. तासाभराने हलायचं थांबलं तेव्हा कुठे तो समाधान पावला. गार झाल्यावर बोटाच्या मागच्या बाजूने ठोकून बघितलं. टण्ण आवाज आला. कुठे पोकळ नाही. पण सुरीही आत जाईना. मग ओळंब्याने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. गिलावा कोरडा पडू नये म्हणून त्यावर पाणी मारतात, तसं त्याने ब्राउनीवर पाणी मारलं. तासाने पुन्हा मारलं.

शिवणबाई घरात शिरली ती नाक वर करून. “कसला वास येतोय?”

“कसला?”

“काहीतरी जळल्याचा. आणि भोपळा कुठे गेला? काल पण एक गेला.”

“सडका निघाला.”

“दोन्ही?”

“दोन्ही. भाजीवाल्याला बोलतो मी.”

बाईने त्याच्या मनगटावरच्या काळ्या डागाकडे बघितलं आणि पिशवी खुंटीला लावली. बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला कुठे गप्प बसायचं ते कळत असतं.

शेवटी शनिवारी ओळंब्याने मान खाली घालून भट्टीवाल्याला गाठलं. लहानपणापासूनचा दोस्त, पण गेली वीस वर्षं त्याच्या दुकानाच्या भिंतीवरून दोघांत जरा तणातणी होती. भट्टीवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

“पाणी मारलंस?”

“दोनदा.”

“ओळंब्या, तुला देवाने जिभेऐवजी थापी दिलीय. मी येतो दुपारी. साचा पण माझा आणतो, तुझा तो फुटक्या घमेल्यासारखा असेल.”

भट्टीवाला दुकान मुलीवर सोपवून, कमरेला बांधलेला कामाचा झगा तसाच ठेवून आला. काम मात्र असं केलं की ओळंबा बघत राहिला. चॉकलेट पाण्याच्या वाफेवर ठेवलं, अंडी फेसली, गर घातला, आणि सगळा वेळ तोंड चालू. “घाई नको. हे वितळणारं काम आहे, उभं राहणारं नव्हे.” मग साचा उचलला, आत तेलाचा हात फिरवला, झग्याच्या खिशातून कापडाची पुरचुंडी काढून साच्यावर दोनदा झटकली, साचा कलंडवून टकटक आपटला आणि जादा पूड खाली पाडली. पांढरा थर सगळीकडे एकसारखा बसला.

“वा,” ओळंबा म्हणाला. “आमच्याकडे पण असंच. साच्याला तेल, वर कोरडी पूड, मग काय बिशाद चिकटायची.”

“सगळे धंदे शेवटी सारखेच,” भट्टीवाला म्हणाला. दोन जुने कारागीर एकमेकांवर खूश झाले. वीस वर्षांपूर्वीची भिंतही त्या क्षणी सरळ झाल्यासारखी वाटली.

पंचवीस मिनिटांनी भट्टीवाल्याने साचा बाहेर काढला. मधे हलत होतं. ओळंब्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, मग नजरही दुसरीकडे वळवली. भट्टीवाल्याने दटावलं, “उद्या सकाळपर्यंत फडकं टाकून ठेव. पाण्याचा थेंब दिसला तर मैत्री संपली.”

रविवारी सकाळी लेक आली, भट्टीवाला आला. लेकीने साचा ताटात उपडा केला आणि ब्राउनी एका झटक्यात सुटली. कडा धारदार, वरून तडकलेला पातळ पापुद्रा, कापल्यावर आत ओलसर, गडद, लोण्यासारखी. शिवणबाई खुर्चीवर बसली होती. ताट समोर आलं तशी तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या मनगटावर अजून कोको होता, नखांत भोपळा होता. तिला तीन भोपळे आठवले असावेत. ती किंचित हसली, तुकडा उचलला आणि काहीही विचारलं नाही.

ओळंब्याच्या छातीत काहीतरी नीट बसलं. चाळीस वर्षांतलं सगळ्यात सरळ काम.

“बाबा, सुटली किती छान,” लेक म्हणाली. “माझी तर नेहमी तळाला चिकटते. काय केलंत?”

“त्याची युक्ती आहे,” ओळंबा छाती काढून म्हणाला. “आधी तेलाचा हात. मग वर कोरडी पूड भुरभुरवायची, अशी पुरचुंडी झटकून. पूड कसली, तर आपला साधा मै…”

बाईचा हात तोंडाशी पोहोचला होता, ओठ उघडे होते. ओळंब्याने विचार केला नाही. पट्टीने जादा माल उडवावा तसा हात फिरवला. तुकडा तिच्या बोटांतून सुटला, टेबलावरून उडाला आणि समोरच्या भिंतीवर थप्पकन बसला.

तुकडा भिंतीला चिकटून राहिला. गिलाव्याचा माणूस असल्याने ओळंब्याच्या मनात नको तेव्हा येऊन गेलं, की पकड चांगली आहे.

“मैदा आहे त्याला,” तो म्हणाला. “खालून. साच्याला लावला होता. मी उभा होतो तिथे. बघितला मी लावताना. वा म्हणालो वर.”

“मी लावला,” भट्टीवाला पांढरा पडला होता. “हाताने लावला वहिनी, डोक्याला पत्ताच नाही. चाळीस वर्षं हात तेच करतोय.”

“माझ्या घरात लावलास. माझी चूक.”

“पुरचुंडी माझी होती.”

“डोळे माझे होते.”

“झालं?” शिवणबाई म्हणाली. “वाढदिवस माझा आणि मानपान तुमचे. दोघांनी मिळून आजारी पाडायला निघालात ते निघालात, आता श्रेयावरून भांडू नका.” ती उठली, मोरीत गेली आणि साबणाने हात धुतले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ओळंबा ताटाकडे बघत बसला. आता ती जन्मभर विचारणार, त्याला वाटलं. आणि बरोबरच आहे तिचं.

ती पदराला हात पुसत परत आली. “भोपळा आहे का अजून, की तोही सडका निघाला?”

“आहे,” ओळंबा म्हणाला. “अर्धा.”

मग भट्टीवाल्याला बाहेरच्या खोलीत, दारापासून लांब, हात मांडीवर ठेवून बसवण्यात आलं. झगा काढून पायरीवर टाकायला लावला. तिथूनच तो सूचना देत राहिला आणि लेक त्या आत पोहोचवत राहिली. मैद्याचं ताट आणि तो साचाही त्याच्याच शेजारी ठेवले. ओळंब्याने साबणाने हात धुतले, ओटा पुसला, पुन्हा पुसला, दुसरी भांडी काढून कोमट पाण्याने विसळली. गर पिळला. आपला जुना, वाकडा साचा घासून त्यात बटर पेपर घातला, कोपरे नखाने दाबून बसवले. बाई स्टुलावर बसून सगळं बघत होती. एकदाच उठून तिने त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरावर नीट दुमडल्या.

पंचवीस मिनिटांनी साचा बाहेर आला. मधे हलत होतं. ओळंब्याने त्याच्याकडे बघितलं, ओव्हनकडे बघितलं, आणि दार लावून टाकलं.

“गार होऊ दे,” लेक म्हणाली. “नाहीतर कापता येणार नाही.”

“आठ महिने गारच होतंय,” शिवणबाई म्हणाली आणि चमचा घेतला. सरळ मधे घातला, जिथे सगळ्यात जास्त हलत होतं तिथे. वाफ निघाली. फुंकर मारली, खाल्लं. डोळे मिटले. दुसरा चमचा घेतला.

ओळंबा वाट बघून शेवटी स्वतःच म्हणाला, “विचार की. यात काय आहे ते.”

“कशाला?”

“असंच. खात्री.”

“जे चालणार नाही ते हातातून उडवून लावता ना तुम्ही,” ती चमचा चाटत म्हणाली. “मग राहतं ते माझं.”

लेकीने हळूच चमचा पुढे केला. शिवणबाईने साचा स्वतःकडे ओढून घेतला, दोन्ही हातांनी. “तुमचा तो बाहेर आहे. मैद्याचा. सुटतो पण छान म्हणे.”

“आई, एकच घास.”

“त्यात काय आहे ते ठाऊक आहे ना तुला? मग खा निवांत.”

बाहेरून भट्टीवाल्याचा आवाज आला, की आपण आपल्या वाट्याला सुरुवात केली आहे आणि वहिनींनी रागावू नये. लेक हसत बाहेर गेली. ओळंबा उभाच राहिला, साच्याकडे बघत.

“तुम्ही घ्या एक,” बाई म्हणाली. “पण हात पुन्हा धुऊन. असंच. खात्री.”

तो मोरीत गेला. सिमेंट काढावं तसे कोपरापर्यंत हात घासले, नखं घासली, मनगटावरचा कोको घासला, मग खात्रीसाठी पुन्हा सगळं घासलं. परत आला तेव्हा साच्याचा एक अख्खा कोपरा नाहीसा झाला होता आणि बाई दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकत होती.