आईने पाहिलेली एकच मॅच

आमच्या दादाला काचवाला म्हणून ओळखणारे लोक पुष्कळ, खेळाडू म्हणून ओळखणारे बोटांवर मोजण्याएवढे. हा रेड्यासारखा माणूस खिडकीची काच घेऊन दारात उभा राहिला की गिऱ्हाईक आधी दाराची रुंदी बघायचं, मग त्याचे कान. रग्बीत पहिल्या रांगेतल्यांना समोरच्यांच्या खांद्यात डोकं घालून रेटावं लागतं, त्यात त्याचे कान कायमचे सुजले होते. "काच फुटणार नाही ना?" असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "कानाने नाही बसवत हो."

तो देशाच्या दुसऱ्या संघात होता. पहिला संघ टीव्हीवर दिसतो. दुसरा कुणालाच दिसत नाही. पहिल्यातला कुणी पडला तर माणूस हाताशी असावा, एवढ्यासाठी तो ठेवलेला. आणि दादा त्यातही बाकावर, म्हणजे राखीवातला राखीव. मी त्याला त्यावरून फार पिडायचे. पण आई पहिल्या पाळीला घराबाहेर पडली की तोही उठायचा आणि कामाआधी मैदानावर जाऊन घाम गाळायचा. त्याला एकदा तरी पहिल्या संघातून खेळायचं होतं, आणि ते आईने बघायला हवं होतं.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. ती मूळची दुसऱ्या देशातली, लग्न होऊन इकडे आली ती परत गेलीच नाही. सुट्टीच्या दिवशीही तिची पाळी असायची, त्यामुळे मुलाचा खेळ तिने कधी पाहिला नव्हता. एका वर्षी तिच्या माहेरचा, म्हणजे त्या देशाचा दुसरा संघ आमच्याकडे खेळायला आला. आईने पाळी बदलून घेतली आणि आम्ही दोघी जाऊन बसलो.

सामना संपत आला, आपण केव्हाच जिंकल्यात जमा होतो, तरी दादा बाकावरच. आई उठली, तरातरा कठड्यापाशी गेली आणि प्रशिक्षकाला म्हणाली, "साहेब, जरा पळू द्या की त्याला. मी काय बाक बघायला आलेय?"

साहेब भला माणूस. हसला आणि दादाला आत धाडलं. दादाने एकदा डोकं घालून रेटा दिला, एकाला पाडलं, तेवढ्यात शिट्टी झाली. आई ढसाढसा रडत होती. त्या भल्या माणसाने आमचं वाटोळं केलं, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

दीडेक वर्षाने आईच्या माहेरच्या देशाच्या संघाकडून फोन आला. जागतिक स्पर्धा तोंडावर आली होती आणि त्यांचा दादाच्या जागेवरचा गडी जायबंदी झाला होता. आई तिकडची, म्हणून दादाला त्यांच्याकडून खेळता येत होतं, आणि तेही पहिल्या संघातून. आईने अख्ख्या धुलाईखान्याला सांगितलं. दादाने नवे बूट घेतले आणि ते घालून घरभर फिरला.

मग दुसरा फोन आला. मी दुकानात त्याचा डबा द्यायला गेले, तर तो काच कापायच्या टेबलाला टेकून उभा होता. नियम असा निघाला की दोन देशांचे दुसरे संघ एकमेकांशी खेळले, तर त्यात जो मैदानात उतरला तो जन्मभर त्याच देशाचा. एरवीचे क्लबांशी झालेले सामने त्यात धरत नसत.

"बाकावर बसून राहिलो असतो तर चाललं असतं," दादा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "साहेबांना कळत नव्हतं हे?"

"त्यांच्या लक्षात नाही आलं. माझ्याही नाही."

"आणि आईला काय सांगणार?"

"त्यांना माझ्याहून चांगला मिळाला म्हणून. तिने मला एकदाच खेळताना पाहिलंय, ते तिच्याकडून काढून घ्यायचं नाही. तू तोंड उघडलंस तर याद राख."

आईने ऐकून घेतलं आणि जेवण वाढलं. पुढे दादाचा गुडघा गेला, आपल्याकडच्या पहिल्या संघाचं बोलावणंही कधी आलं नाही. आई मात्र येईल त्याला ती मॅच सांगायची. "मी बोलले म्हणून घेतलं बरं का त्याला," म्हणायची. दादा मान डोलवायचा. मी आत जाऊन भांडी आपटायचे.

शेवटी ती त्याच इस्पितळात पडली. एका दुपारी चांगली शुद्धीवर होती. दादाला जवळ बसवून म्हणाली, "तू कमी पडलास त्यात तुझा दोष नाही रे. तू पोटात असताना मी दुहेरी पाळ्या केल्या. तिथेच तुझी ताकद कमी राहिली. माझ्यामुळे झालं."

मला वाटलं, आता हा सांगून टाकेल. पण सांगणार काय? खरं झाकून ठेवलं तरी दोष तिने ओढून घेतलाच होता, आणि खरं बोलला असता तर तो कायमचा तिच्याच गळ्यात पडला असता.

"तसं नाही गं आई," दादा म्हणाला. "मी आळशी होतो. सरावाला दांड्या मारायचो. तू कामावर गेलीस की परत झोपायचो."

आईचा चेहरा सैल झाला. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली, आणि त्याच्या गालावर हळूच एक चापट मारून डोळे मिटून पडली.

दादा बाहेर जिन्यात येऊन बसला आणि हुंदके देऊन रडला.