‘यू हॅव लॉस्ट मी’चा अर्थ सांगणारे कांतिलाल सर

कांतिलाल सरांसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले ती रडवेल्या चेहऱ्याने. मी निरगुडसरची, मेंढपाळाच्या घरातली. अवसरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. नोकरीच्या मुलाखतीत माझे लांबलचक उत्तर ऐकून समोरचे साहेब म्हणाले होते, ‘यू हॅव लॉस्ट मी.’ मला वाटले, नोकरी हातची गेली. ‘थँक यू’ म्हणून मी उठले आणि थेट बाहेर पडले. मैत्रिणीने मला घोडेगावला सरांकडे नेले.

हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर सर दर रविवारी घरच्या ओसरीवर मुलांना इंग्रजी शिकवत असत. त्यांचे पूर्वज राजस्थानातून येऊन इथे स्थायिक झालेले, भाऊबंद कापडाच्या व्यापारात. सरांनी मात्र शिकवण्याचे व्रत घेतले.

माझी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली. म्हणाले, “अगं, त्यांनी तुला नाकारलं नव्हतं. तुझं बोलणं त्यांच्या ध्यानात येईना, एवढंच.”

“म्हंजे मी उगाच उठले, सर?”

“उठलीस खरी. आता इथं बस.”

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. एकदा वर्गातल्या एका मुलीने ‘ट्रेन ऑफ थॉट’चा अर्थ रेल्वेशी जोडला. सगळे हसले. सर गंभीर झाले. “हसू नका. ही ट्रेन म्हणजे विचारांची साखळी; ती तुटली की माणूस अडकतो. आपल्या तालुक्यात रेल्वे नाही, पण बोलता बोलता अडकणारी माणसं आहेत ना?” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “तुझे वडील असे अडकले, तर काय म्हणतात?”

“म्हनतात, काय बोलत व्हतो गं मी?”

“आणि तू?”

“आठवण करून देते.”

“मग साहेबांनाही दे. घाबरायचं कशाला?”

पुढे पुण्यात दुसऱ्या नोकरीची मुलाखत झाली. तिथले साहेब पंपाविषयी विचारत असताना त्यांचा फोन वाजला. फोन ठेवून ते म्हणाले, ‘सॉरी, आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट.’ मी जागची हलले नाही. पंपाचा दाब का कमी होतो, असे तुम्ही विचारत होता, हे त्यांना इंग्रजीत सांगितले आणि उत्तरही दिले. साहेब दिलखुलास हसले. ती नोकरी मला मिळाली.

आभार मानायला माझे वडील नवी घोंगडी घेऊन सरांकडे गेले. “सर, पोरगी साहेबासंगं इंग्रजीत बोलली म्हनं. लई बरं वाटलं.”

“नुसती बोलली नाही, भाऊ! साहेब अडकले, तिनं त्यांना वाट दाखवली!” सरांनी हे इतक्या मोठ्याने सांगितले की शेजारची माणसे बाहेर आली. सरांनी तीच घोंगडी वडिलांच्या खांद्यावर घातली आणि सर्वांसमोर त्यांचा सत्कार केला. माझ्या वडिलांचा तो आयुष्यातला पहिला सत्कार.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि रविवारचा वर्ग सुरूच आहे. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो आणि त्यांच्या ओसरीवर बसायला आम्हा विद्यार्थ्यांना जागा अपुरी पडत राहो!