ईराच्या मम्मीचा मेसेज

बसा, चहा होईपर्यंत माझ्या मूर्खपणाची एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, माझी हरकत नाही. कंपनीतली मंडळी पोट धरून हसली. बहीण तेवढी हसली नाही, पण तिचं सोडा.

साधा मंगळवार होता. डब्यात मेथीची भाजी होती आणि मीठ घालायला मी विसरलो होतो. अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी आहे, तिथे मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामावर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. लेथवाले माल बनवतात, मी व्हर्निअर लावून तो मापतो आणि खराब निघाला तर बाजूला काढतो. माझ्या नजरेतून खोट सुटत नाही, असा खालपासून वरपर्यंत लौकिक आहे. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर डबा खात असताना पाळणाघराच्या सुलभाकाकूंचा फोन आला.

"दादा, घाबरू नका."

या दोन शब्दांनंतर कोणता बाप घाबरत नाही, मला सांगा. काकू म्हणाल्या, ईराच्या हाताला चावलंय कोणीतरी. मी विचारलं, कुत्रं? तर म्हणाल्या, नाही हो, मूलच असणार, पण कोण ते कोणी पाहिलं नाही.

हाफ डे टाकला आणि पाथर्डी फाट्याला पोचलो. काकूंचं रो-हाऊस आहे, खालच्या दोन खोल्यांत पाळणाघर. ईरा मधोमध खुर्चीवर बसली होती. वय साडेचार. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, लालभडक गोल. काकूंनी बर्फ लावला होता. पोरगी रडत नव्हती. मला बघून तिने मान वाकडी केली आणि माझ्या मागे, फाटकाकडे बघत राहिली. मला वाटलं, घाबरलीय. जो चावला तो पुन्हा येईल म्हणून बघतेय. क्वालिटीचा माणूस ना मी.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ईराची आई, मनीषा, गेल्या पावसाळ्यात गेली. मुंबईच्या दवाखान्यात. ईरा तेव्हा देवळ्याला माझ्या बहिणीकडे होती. तिला सांगितलं होतं की मम्मी मुंबईला दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल. हे सांगितलं तेव्हा ते खरं होतं. नंतर ते खरं राहिलं नाही, पण बदलून दुसरं काही सांगायला माझं तोंड उघडेना. म्हटलं चार दिवस जाऊ देत. ते चार दिवस चालूच होते. बहीण दर रविवारी फोन करायची. "सांगितलं का रे पोरीला?" मी म्हणायचो, सांगतो.

दुसरी गोष्ट मोबाईलची. पाळणाघराचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात सगळ्या मम्म्या. पप्पांना बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नाही, पण एकही पप्पा त्यात नाही. उद्या पिवळा ड्रेस घाला, परवा डब्यात फळ द्या, असल्या सूचना तिथे येतात. मुलांचे फोटो येतात. मनीषा गेल्यावर तिचा नंबर काढून माझा टाकायला हवा होता. काकूंना तो काढायला कसंतरी वाटलं आणि मला सांगायला कसंतरी वाटलं. मग मी तिचा फोन चार्ज करून, रिचार्ज मारून माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवू लागलो. रोज संध्याकाळी त्यात सूचना वाचायच्या, ईराचे फोटो बघायचे. नुसतं वाचायचं. कधी साधा अंगठासुद्धा टाकला नाही.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. मला नव्हतं आलं.

त्या संध्याकाळी ईरा टीव्हीसमोर बसली होती. तिचा हात माझ्या मांडीवर होता आणि तो डाग बघून माझं डोकं तापत होतं. नाव सांग म्हटलं तर सांगेना. झैद का? माहीत नाही. मग स्वरा? माहीत नाही. शेवटी मी बॅगेतून फोन काढला, ग्रुप उघडला आणि कंपनीत सप्लायरला लिहितो तसा एक सणसणीत मेसेज लिहिला. जसाच्या तसा पाठ आहे.

"ईराच्या हाताला आज कोणीतरी कडकडून चावलं आहे. अजून कोणी कबूल केलेलं नाही. उद्या सकाळी मी स्वतः पाळणाघरात येणार आहे. ज्याने हे केलं तो माझ्यापासून लपू शकणार नाही. तुमची मुलं दिवसभर काय करतात ते मला सगळं दिसतं."

शेवटचं वाक्य मी फोटोंबद्दल लिहिलं होतं हो. ग्रुपवर फोटो येतात, ते मी बघतो, एवढाच अर्थ. पाठवला, आणि मोठं काम केल्यासारखा कुकर लावायला गेलो.

तिकडे काय झालं ते बघा. मावसबहिणीच्या लग्नातला पिवळ्या साडीतला मनीषाचा हसरा फोटो. शेजारी नाव, ईराची मम्मी. आणि खाली, मी स्वतः येणार आहे, मला सगळं दिसतं.

निम्म्या बायका तिच्या दहाव्याला येऊन गेल्या होत्या.

एकीने तत्काळ ग्रुप सोडला. एकीने हात जोडले आणि लगेच डिलीट केले. एक बिचारी इतकी गडबडली की तिने सवयीने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहून टाकलं, मग तेही पुसलं. हे सगळं मी तांदूळ धुऊन येईपर्यंत. मला वाटलं, बसली जरब.

मग एका नवीन मम्मीचं उत्तर आलं. दोन महिन्यांपूर्वीच आलेली, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने लिहिलं, "ताई, तुम्ही एकदाही मीटिंगला येत नाही. मुलीला आणायला-सोडायला कधी दिसत नाही. आणि आज एकदम धमक्या? आधी स्वतःच्या मुलीकडे लक्ष द्या."

मी संतापलो. हात पुसले आणि तिला सडेतोड उत्तर लिहायला बसलो, तेवढ्यात माझा फोन वाजला. शबानाभाभी. झैदची अम्मी. मनीषाची तिच्याशी चांगली गट्टी होती. दोघी फाटकापाशी उभ्या राहून इतकं बोलायच्या की मुलं कंटाळून परत आत जायची.

"भैया, मनीषाचा मोबाईल कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. का?"

मग म्हणाली, "मग ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण ठीक आहे. भैया, तुम्ही जे लिहिलंय ना, ते जरा तिचा फोटो बघून वाचा."

मी वाचलं. कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकलो. स्वतःच्याच मेसेजला घाबरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तो मी.

आता मेसेज पुसायचा. घाईघाईने त्यावर बोट ठेवलं, डिलीट दाबलं, गेला. हुश्श केलं. नंतर कळलं की मी तो फक्त माझ्यापुरता पुसला होता. म्हणजे सगळ्यांच्या फोनवर तो होता, फक्त मलाच दिसत नव्हता.

माझ्या वतीने शबानाभाभीनेच ग्रुपवर खुलासा टाकला, की मेसेज ईराच्या पप्पांनी केलाय, कोणी गैरसमज करू नका. त्यावर त्या नवीन मम्मीने विचारलं, "मग ईराची मम्मी कुठे आहे?"

तो प्रश्न तसाच खाली पडून राहिला.

शहाणा माणूस असता तर दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागून आला असता. पण माझ्या डोक्यात अजून तो डागच होता. कंपनीत माल खराब निघाला की आम्ही आधी सॅम्पल घेतो. मी सकाळी चांगले कडक पेरू घेतले, घरीच फोडी केल्या, डबा भरला आणि खिशात व्हर्निअर टाकला. एकेका मुलाला एकेक फोड चावायला द्यायची, दातांचे ठसे घ्यायचे आणि ईराच्या हाताशी ताडून बघायचे. हसताय ना? मला तेव्हा ही कल्पना फार शास्त्रीय वाटली होती.

फाटकात स्कूटरच्या डिकीतून डबा काढत होतो, तेव्हा शबानाभाभीबरोबर आलेला झैद धावत ईराकडे गेला आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. ईरा दप्तरासकट ओट्यावर बसली. आत जाईना. मी म्हटलं, बघा, पोरगी आत जायला घाबरते. खात्रीच पटली माझी.

पाळणाघर निम्मं रिकामं होतं. दारात उदबत्ती लावलेली. काकूंनी माझ्या नजरेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सहज लावली हो, डास फार झालेत."

मी फोडी वाटल्या. एका पठ्ठ्याने पुरावा सालीसकट गिळला. स्वराने चाटून परत दिली. झैदने व्यवस्थित चावली, ओळीने सगळे दात. मी व्हर्निअर लावला, माप जुळेना. त्याची आई दारात उभी राहून बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

"ईरा राहिली," काकू म्हणाल्या. तिला वाईट वाटू नये म्हणून एक फोड तिलाही दिली. ओट्यावर बसल्या बसल्या, फाटकावरची नजर न काढता तिने ती चावली आणि माझ्या हातात ठेवली.

वरच्या ओळीत मधोमध एक फट होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती घसरगुंडीवरून पडली होती. पुढचा दात गेला. तो दात मी स्वतः काडेपेटीत घालून कपाटात ठेवलाय. आख्ख्या पाळणाघरात दुसऱ्या कोणाला तशी फट नाही. मी फोड तिच्या हाताजवळ धरली. व्हर्निअरची गरज नव्हती. डागातही मधोमध तशीच पांढरी जागा होती, काल दुपारपासून माझ्या डोळ्यांसमोर.

"ईरा, हे तू केलंस?"

"हो."

"का गं?"

आमच्या कंपनीत पद्धत आहे, दोषाचं मूळ सापडेपर्यंत एकामागून एक पाच वेळा 'का' विचारायचं. मला एकदाच पुरलं.

"झैद पडला तेव्हा त्याची अम्मी लगेच आली," ती म्हणाली. मठ्ठ मुलाला समजावून सांगावं तशी सांगत होती. "काकू म्हणाल्या, लागलं की मम्मीला फोन करायचा असतो. मी आधी हळू चावले. ते काकूंना दिसलंच नाही. मग जोरात चावले."

"पण काकूंनी तुलाच फोन केला," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. मग तिचा चेहरा पुन्हा उजळला. "जाऊ दे. मम्मीला कळलंय आता. झैद म्हणाला, तिने त्याच्या अम्मीला मेसेज केला, आज येते म्हणून. पप्पा, किती वाजले?"

काकू दूध उतू जातंय म्हणत आत गेल्या. दूध सकाळीच तापवून झालं होतं. शबानाभाभी झैदची कॉलर सरळ करत बसली, ती सरळच होती. आदल्या रात्री त्या मेसेजने सगळ्या घरांत भीती घातली होती. एकट्या माझ्या पोरीला सकाळी त्याच मेसेजचा आनंद झाला होता, आणि तो मला माहीत नव्हता.

ईरा माझ्याकडे बघत होती. सांगायची वेळ याहून वेगळी कोणती असते? तोंडात शब्द आलेही होते. मी ईरासमोर उकिडवा बसलो, एका हातात पेरूची फोड, दुसऱ्या हातात व्हर्निअर, आणि म्हणालो,

"कसारा घाटात मुंबईच्या गाड्या अडकल्यात."

ईराने समजूतदारपणे मान हलवली. मग माझ्या हातातली फोड घेतली आणि उरलेला पुरावा खाऊन टाकला.

कंपनीत मी ही गोष्ट पेरूपर्यंतच सांगतो. तिथे लोक छान हसतात. म्हणतात, साहेब, आयुष्यभर दुसऱ्याचा माल रिजेक्ट केला, शेवटी खोट घरच्याच मालात निघाली. मीही हसतो. बहिणीला मात्र पूर्ण सांगितली. ती म्हणाली, "तू येडा हायेस का रे भाऊ?" आणि फोन ठेवला.

काकूंनी आता मलाही ग्रुपमध्ये घेतलंय. सगळ्या मम्म्यांत मी एकटा पप्पा. मनीषाचा नंबर अजून तिथेच आहे, तो काढायला कोणाचा हात धजत नाही. ईराच्या हातावरचा डाग गेला. ती पुन्हा चावली नाही. फक्त टीव्हीवर बातम्या लागल्या की जवळ येऊन बसते आणि विचारते, घाट मोकळा झाला का.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.