रिमोटमधले सेल
काल टीव्हीखालचा खण आवरताना आईचं ऑक्सिमीटर सापडलं, आत दोन सेल पाझरून पांढरे पडलेले. साथीच्या वर्षी सौंसरात एका पुढाऱ्याने रक्तातला ऑक्सिजन मोजायची ही यंत्रं वाटली होती. डब्यावरचा त्याचा हसरा फोटो यंत्राहून मोठा होता, सेल मात्र ज्याचे त्याने आणायचे. दुकानं बंद, म्हणून बाबांनी घरातले जुनेच घातले. तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी आईचा आकडा सत्त्याऐंशी आला. नव्वदच्या खाली आला की दवाखाना गाठा, असं डब्यावरच छापलं होतं. "त्याचा शब्द कधी खरा नसते, त्याच्या मशीनचा आकडा काय खरा असन?" मी म्हणालो. आई खोकत खोकत हसली. "सेल उतरले असतीन," म्हणत बाबांनी ते नेहमीसारखे छपराच्या टिनावर उन्हात ठेवले. आमच्याकडे उतरलेले सेल असेच जागे करतात. चार वाजता परत घातले, तर आकडा उमटेचना. मग बाबांनी टीव्हीच्या रिमोटमधले काढले. "अहो, माझी मालिका बुडवून राहिले का तुम्ही?" एवढं बोलायला आईला दोनदा थांबावं लागलं. या वेळी आकडा लख्ख उमटला, अठ्ठ्याहत्तर. नागपूरला नेताना लोधीखेड्याच्या पुढे ती गाडीतच गेली. त्या पुढाऱ्याने दिलेली एवढी एकच गोष्ट खरं बोलली होती, आणि मी तिचीच थट्टा केली. रिमोट अजून रिकामाच आहे; चॅनल बदलायचा झाला की बाबा उठून टीव्हीपाशी जातात.